चाकांवरचे घर, वाळवंटातील ऊन आणि आईचे पाणी

गेल्या महिन्यात एक ज्येष्ठ दांपत्य माझ्या दवाखान्यात आले. काकांचे वय चौऱ्याहत्तर, काकूंचे एकोणसत्तर. मुलगा अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहरात नोकरीला. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडांसह मोटारहोम भाड्याने घेऊन आठ दिवस वाळवंटात हिंडायचे, असा बेत मुलाने आखला होता. "डॉक्टर, दोघंही ठणठणीत आहोत एवढं फक्त लिहून द्या," काका म्हणाले. मी रक्तदाब मोजला, छाती तपासली, रक्ताचे अहवाल पाहिले. सारे ठाकठीक होते. तरीही प्रमाणपत्रासाठी उचललेले पेन खाली ठेवून मी काकूंना विचारले, "प्रवासात तुम्ही पाणी पिता का?"

काकू ओशाळून हसल्या. "एसटीत बसायचं असलं की सकाळपासून पाणी बंद. सवयच आहे ती."

हा प्रश्न विचारण्याचे भान मला तीस वर्षांच्या वैद्यकीय व्यवसायाने दिले नव्हते. ते माझ्या आईमुळे आले, आणि तेही फार कठीण प्रसंगातून. ज्यांचे मुलगे, मुली, जावई परदेशी आहेत आणि जे स्वतः अशा सहलीला निघण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी तो प्रसंग येथे सविस्तर सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. माझा धाकटा भाऊ फीनिक्सजवळ राहतो. आईने तेव्हा अठ्ठ्याहत्तरावे वर्ष पूर्ण केले होते. रक्तदाबाची एक संयुक्त गोळी आणि थायरॉइडची एक, याखेरीज तिला औषध नव्हते. पहाटे उठून स्वतःची पूजा, स्वतःचा चहा, संध्याकाळी देवळापर्यंत पायी फेरी, असा तिचा दिनक्रम होता. भावाने आम्हां दोघांना बोलावले आणि आम्ही पोहोचल्यावर चौथ्या दिवशी दारात एक भलीमोठी गाडी आणून उभी केली.

मोटारहोम म्हणजे काय, हे पुष्कळ वाचकांनी केवळ चित्रपटांत पाहिले असेल. आपल्या मिनीबसएवढ्या गाडीत मागे पलंग, मध्ये टेबल व बाके, गॅसची शेगडी, फ्रिज, आणि कपाटाएवढ्या जागेत शौचालय व न्हाणीघर. पायाखाली तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, एक स्वयंपाकाच्या व अंघोळीच्या सांडपाण्याची आणि एक शौचालयाची. शेवटच्या दोन टाक्या भरल्या, की ठरावीक ठिकाणी जाऊन त्या रिकाम्या कराव्या लागतात. दिवे आणि पंखे गाडीतल्या बॅटरीवर चालतात. परंतु छतावरील वातानुकूलन यंत्राला बॅटरी पुरत नाही. त्यासाठी तळावरील विजेची जोडणी हवी, नाहीतर गाडीतले जनित्र चालवावे लागते. हे यंत्रज्ञान मी मुद्दाम सांगत आहे. आमच्या पुढच्या संकटाची मुळे याच टाक्यांत आणि याच जनित्रात होती.

निघण्यापूर्वी भावाने घरमालकाच्या थाटात सूचना दिल्या. गाडी चालताना उभे राहू नये, गॅस बंद ठेवावा, इत्यादी. शेवटी तो म्हणाला, "आणि टॉयलेटची टाकी लहान आहे बरं का. जरा जपून वापरा." आम्ही सारे हसलो. आईही हसली.

पहिला मुक्काम ॲरिझोनाच्या पश्चिम सीमेजवळील क्वार्ट्झसाइट या गावी होता. एरवी जेमतेम काही हजार वस्तीचे हे गाव हिवाळ्यात मोटारहोमांनी फुलून जाते. उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ भागांतील निवृत्त माणसे थंडी टाळण्यासाठी येथे येतात. त्यांना तिकडे स्नोबर्ड, म्हणजे हिमपक्षी, म्हणतात. गावाच्या दक्षिणेस ला पोसा नावाची सरकारी जमीन आहे. तेथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना घेऊन दीर्घकाळ मुक्काम करता येतो. आम्ही पोहोचलो तेव्हा हंगाम सरला होता आणि पक्षी परतले होते. या एका गोष्टीवरूनच आम्ही सावध व्हायला हवे होते. वर्षानुवर्षे वाळवंटात राहणारी अनुभवी वृद्ध मंडळी जेव्हा गाशा गुंडाळून जातात, त्या वेळी आम्ही नवखे तेथे चाललो होतो.

त्या गावच्या दफनभूमीत दगडी पिरॅमिडच्या आकाराचे एक थडगे आहे आणि त्याच्या शिखरावर धातूचा उंट. अमेरिकी सैन्याने १८५६ साली वाळवंटातील वाहतुकीसाठी उंट आणवले. त्यांच्याबरोबर आलेला हाजी अली हा उंटवाला तिकडच्या लोकांच्या जिभेवर 'हाय जॉली' झाला आणि १९०२ मध्ये येथेच वारला. आईला ती कथा फार आवडली. "एवढ्या लांब येऊन बिचारा उंटांसाठी राहिला," असे ती दोनदा म्हणाली. त्या संध्याकाळचे तिचे छायाचित्र माझ्यापाशी आहे. चेहरा प्रसन्न आहे. आता पाहताना मात्र मला त्यात तिचे कोरडे ओठ आधी दिसतात.

तिथून नीडल्स आणि बेकर या गावांवरून आम्ही कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात शिरलो. या खोऱ्याचा तळ, बॅडवॉटर, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे. वर्षभरात पाऊस पडतो तो सुमारे ५० मिलिमीटर; आपल्याकडे जुलैतल्या एका दुपारी तेवढा सहज पडतो. फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी नोंदलेले ५६.७ अंश सेल्सिअस हे पृथ्वीवरील सर्वोच्च हवेचे तापमान मानले जाते. एप्रिलअखेर तेथे इतका कहर नसतो. आमच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पारा ३९ अंशांवर होता. विदर्भातील वाचक म्हणतील, यात विशेष ते काय? मीही तेच म्हणालो होतो. आपल्याकडचे ३९ अंश आपण जाड भिंतींच्या घरात, माठाशेजारी, पंख्याखाली काढतो. पत्र्याच्या व फायबरच्या पेटीत बसून काढलेले ३९ अंश निराळे असतात.

विजेची जोडणी असलेल्या जागा त्या तळावर थोड्या होत्या, आणि आम्हांला मिळाली ती साधी जागा. रात्री जनित्र चालवण्यास तेथे मनाई असते. दिवसा परवानगी असते. दुपारी एकच्या सुमारास जेवण झाले, आई मागच्या पलंगावर पडली, आणि थोड्या वेळाने जनित्र तापून बंद पडले. भाऊ ते पुन्हा सुरू करण्याच्या खटपटीला लागला. जवळच उद्यानाचे माहिती केंद्र होते, थंडगार. तेथे जाऊन बसावे असे भावजयीने सुचवले. मी म्हणालो, "आई नुकतीच झोपली आहे. तिला उठवायला नको."

वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या माणसाने उच्चारलेले इतके चुकीचे वाक्य माझ्या आयुष्यात दुसरे नसेल.

पाऊण तासाने आई उठून बसली. भावाकडे पाहून ती शांतपणे म्हणाली, "अण्णा, गुरांना पाणी दाखवलंस का?"

अण्णा म्हणजे आमचे थोरले मामा. त्यांना जाऊन बावीस वर्षे झाली होती. भाऊ हसला, त्याला वाटले, ती झोपेत आहे. मी तिचा हात हातात घेतला. त्वचा गरम होती. नाडी मिनिटाला ११२. जीभ सुकलेल्या चामड्यासारखी. तिला मी विचारले, "आई, आपण कुठे आहोत?" ती म्हणाली, "वाड्यात." तापमापकात पारा ३८.६ होता. पाय खाली सोडून बसवताच तिला घेरी आली.

उष्णतेचा त्रास झालेल्या वृद्ध व्यक्तीचे बोलणे असंबद्ध होणे, ही धोक्याची घंटा आहे. थकवा, डोकेदुखी, मळमळ, पायांत पेटके येथपर्यंत शरीर तक्रार करीत असते. मेंदू गोंधळला, की ती तक्रार करण्याची शक्तीही संपत आलेली असते. शरीराचे अंतर्गत तापमान ४० अंशांच्या पुढे गेले आणि शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात. तेव्हा मिनिटे मोजावी लागतात. आई अजून त्या टोकाला गेली नव्हती, पण वाट तीच होती.

आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो, कारण ते कोणालाही करता येईल. गाडीचे इंजिन सुरू केले. मोटारहोममध्ये चालकाच्या पुढ्यातील वातानुकूलन इंजिनावर चालते. जनित्र बंद असले तरी ते चालू राहते. आईला धरून पुढच्या आसनावर आणले, आसन मागे कलते केले, पाय उचलून ठेवले. तिची सुती साडी सैल करून भावजयीने साध्या पाण्याने चिंब भिजवली आणि आम्ही पुठ्ठ्याने सतत वारा घातला. वाळवंटाची हवा कोरडी असल्यामुळे पाणी झपाट्याने उडते आणि उडताना अंगातील उष्णता घेऊन जाते. दमट मुंबईत हा उपाय इतका गुण देत नाही; वाळवंटात तो फार प्रभावी ठरतो. मात्र कोरड्या अंगावर नुसता गरम वारा घातल्याने लाभ होत नाही. त्वचा ओली हवी. आई जागी होती, गिळू शकत होती, म्हणून जलसंजीवनीचे पाणी चमच्याचमच्याने दिले. रुग्ण अर्धवट शुद्धीत असेल, तर तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी दिली नाही. उन्हामुळे चढलेले तापमान पॅरासिटामॉलने उतरत नाही.

मोबाइलला संपर्क मिळेना. भाऊ माहिती केंद्राकडे धावला. उद्यानाचे रक्षक बर्फाच्या पिशव्या घेऊन आले. त्या काखेत, मानेशी आणि जांघेत ठेवल्या. रुग्णवाहिका बोलावली गेली. सर्वांत जवळचे इस्पितळ नेवाडा राज्यातील पहरम्प गावात, सुमारे ९५ किलोमीटरवर. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला हे अंतर कळेल. भर उन्हाळ्यात तर याहून कठीण परिस्थिती असते: तापमान सुमारे ४९ अंशांच्या वर गेले, की विरळ हवेत हेलिकॉप्टरला पुरेसा आधार मिळत नाही आणि हवाई रुग्णवाहिका उतरू शकत नाही.

इस्पितळात रक्त तपासले. क्रिएटिनिन वाढले होते आणि सोडियम १२६ वर आले होते. शिरेतून सलाइन सुरू झाले. सोडियम फार वेगाने वाढणार नाही याची काळजी घेत ते दोन दिवस चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने डोळे उघडून मला विचारले, "तू जेवलास का?" मी बाहेरच्या मार्गिकेत येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

कारण काय, हे मात्र मला भावजयीने सांगितले. आई तीन दिवस सकाळच्या चहानंतर संध्याकाळपर्यंत घोटभरही पाणी पीत नव्हती. गाडी हलत असताना त्या अरुंद जागेत जायची तिला भीती वाटे. गाडी थांबली, की दार पातळ, बाहेर दोन हातांवर मुलगे बसलेले. त्यात टाकी लहान असल्याचे धाकट्याने बजावलेले. "आई मला म्हणाल्या, माझ्यामुळे पोराला सारखी टाकी रिकामी करायला लागू नये," भावजय म्हणाली. "मी म्हटलं, आई, तुम्ही असा विचार करू नका. तर म्हणाल्या, दादांना सांगू नकोस, तो डॉक्टर आहे, उगाच रागावेल."

मी रागावेन म्हणून तिने मला सांगितले नाही. मुलगा डॉक्टर असणे हे काही वेळा पथ्यावर पडत नाही. तिच्या पिढीच्या स्त्रियांनी जन्मभर लघवी रोखून, तहान मारून प्रवास केला आहे. एसटी स्थानकांवरील शौचालयांची अवस्था आपण सारे जाणतो. ती सवय परदेशी गेल्याने सुटत नाही. आणि पुरुषांनो, आपल्याला ती दिसतही नाही.

आता यात औषधाचा वाटा किती होता, तेही पाहू. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाणी हवे असते, पण मेंदू तशी आठवण करून देत नाही. मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची क्षमता घटते. घामही उशिरा आणि कमी येतो. वाळवंटात आलेला घाम तत्काळ उडून जातो, त्यामुळे 'मला घामच येत नाही, म्हणजे पाणी जात नाही' असा भ्रम होतो. या साऱ्यावर आई रोज सकाळी न चुकता रक्तदाबाची गोळी घेत होती, आणि त्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड हे मूत्रल औषध होते. ते लघवीवाटे पाणी आणि सोडियम दोन्ही बाहेर टाकते. आपल्याकडे अनेक संयुक्त गोळ्यांच्या नावापुढे 'एच' हे अक्षर असते. बहुधा ते याच औषधाचे असते. घरातील ज्येष्ठांच्या गोळ्यांची पाकिटे आजच एकदा पाहावीत. क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड, टॉरसेमाइड हीदेखील याच वर्गातील. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांच्या लघवीतूनही पाणी अधिक जाते. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या औषधांनी शोष पडलेल्या अवस्थेत मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. वारंवार लघवी होण्यावरील ऑक्सिब्युटिनिन, नैराश्यावरील किंवा मज्जातंतूंच्या वेदनांवरील अमिट्रिप्टिलिन आणि सर्दीची झोप आणणारी जुनी औषधे घाम कमी करतात. बीटा ब्लॉकरमुळे हृदयाला उष्णतेशी जुळवून घेणे कठीण जाते.

याचा अर्थ ही औषधे वाईट आहेत किंवा प्रवासात आपल्या मनाने बंद करावीत, असा मुळीच नाही. हृदयविकाराच्या रुग्णाने गोळी सोडली, तर वाळवंटाआधी हृदयच दगा देईल. प्रवासापूर्वी महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना भेटून इतके विचारावे: अतिउष्ण हवेत मात्रा बदलायची का, आणि उलट्या, जुलाब किंवा चक्कर सुरू झाल्यास कोणती गोळी त्या दिवशी थांबवायची. उत्तर कागदावर लिहून घ्यावे. सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावे. आईची ही तपासणी मी दोन वर्षांत केली नव्हती. घरच्या माणसांची तपासणी डॉक्टरांकडून नेहमीच राहून जाते.

पाणी किती प्यावे? डेथ व्हॅलीत प्रत्येकी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे जवळजवळ पावणेचार लिटर पाणी बाळगण्याची सूचना असते. तो आकडा बाळगण्याचा आहे. प्रत्येक वृद्धाने तेवढे घशाखाली उतरवावे असा त्याचा अर्थ करू नये. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांना पाण्याची मर्यादा घालून दिलेली असते, आणि त्यांच्यासाठी योग्य प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे. आईसारख्या व्यक्तीने भसाभस नुसते पाणी प्यायले, तर उरलेले सोडियम आणखी पातळ होते. इतरांनी जागेपणी तासाला एक मध्यम पेला, तहान असो वा नसो, हे धोरण ठेवावे. दुपारी त्यातील एखादा पेला ताक, पन्हे किंवा जलसंजीवनीचा असावा. जलसंजीवनीची पाकिटे इथूनच न्यावीत. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, हे प्रमाण पाळावे. मीठ अंदाजाने टाकू नये. लघवीचा रंग फिकट राहतो का, हे पाहावे. मात्र बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर लघवी पिवळीच दिसते आणि ही खूण निकामी होते. अशा वेळी लघवी किती वेळा झाली हे विचारावे. विचारावे म्हणजे सुनेने किंवा मुलीने विचारावे, एकांतात.

आणि शौचालयाचा प्रश्न निघण्यापूर्वी सोडवावा. गाडी दर दीड तासाने थांबेल, हे ज्येष्ठांना आधीच सांगावे. थांबल्यावर पुरुषांनी दहा मिनिटे खाली उतरावे. आत हाताशी धरायला दांडा आहे का, बसवलेल्या भांड्याची उंची गुडघ्यांना पेलते का, हे गाडी भाड्याने घेतानाच पाहावे. टाकीची चिंता करणे हे चालकाचे काम आहे. त्याचा उच्चारही ज्येष्ठांसमोर नको. दर दीड तासाने उतरण्याचा दुसरा लाभ असा, की तासन्‌तास बसून पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका कमी होतो.

औषधांचीही सोय पाहावी. उभ्या गाडीतील बंद कप्पे बाहेरच्या हवेहून कितीतरी अधिक तापतात. जिभेखाली ठेवण्याची छातीदुखीची गोळी अशा कप्प्यात निकामी होऊ शकते. दम्याचे पंप तापू देणे तर धोक्याचे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. वापरात असलेले साधारणपणे ३० अंशांखाली. मोटारहोममधील गॅसवर चालणारा फ्रिज तीव्र उन्हात पुरेसा थंड होत नाही, म्हणून त्यात एक छोटा तापमापक ठेवावा. वापरातील इन्सुलिनसाठी ओल्या फडक्यात गुंडाळलेले मातीचे भांडे कोरड्या हवेत उत्तम काम देते. आपल्या आज्या काही मूर्ख नव्हत्या. इन्सुलिनची कुपी बर्फाला मात्र चिकटू देऊ नये, कारण गोठलेले इन्सुलिन वाया जाते.

छतावरील वातानुकूलन यंत्रावरही फार विसंबू नये. बाहेरच्यापेक्षा दहा-अकरा अंशांनी तापमान उतरले तर ते चांगले चालले म्हणायचे. बाहेर ४५ असताना आत ३४, ते यंत्र बिघडले नाही तर. त्यामुळे विजेची जोडणी असलेली जागाच घ्यावी, आणि ती मिळत नसेल तर वृद्ध व्यक्तीसह तेथे राहू नये. वाळवंटातील लांब चढांवर इंजिन तापू नये म्हणून वातानुकूलन बंद करावे, अशा पाट्या असतात. त्या वीस-तीस मिनिटांसाठी मानेवर ओले फडके आधीच तयार ठेवावे. गाडी बंद पडलीच, तर मदतीसाठी पायी निघू नये. गाडीपाशी, सावलीत थांबावे.

रात्रीचा विचार कोणी करीत नाही. हिवाळ्यात तेथील रात्री कडाक्याच्या थंड असतात. ऊब यावी म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटवून कोणी झोपू नये; बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि तो वासाने कळत नाही. त्याची सूचना देणारे यंत्र गाडीत असते. त्याची कळ दाबून पहिल्याच दिवशी तपासावे. लघवीसाठी उठताना आधी काठावर दोन मिनिटे बसावे, जमिनीलगत छोटा दिवा ठेवावा, वरच्या बर्थवर वृद्धांना झोपवू नये. सकाळी बूट झटकून घालावेत. ॲरिझोनातला एक फिकट पिवळसर विंचू चांगलाच विषारी असतो.

एक गोष्ट परतल्यानंतरची आहे, आणि ती आपल्याकडील डॉक्टरांच्याही ध्यानी सहज येत नाही. ॲरिझोना व कॅलिफोर्नियाच्या काही भागांतील मातीत कॉक्सिडिऑइडीस नावाची बुरशी असते. धुळीबरोबर ती फुप्फुसांत गेल्यास व्हॅली फीव्हर हा आजार होतो. निम्म्याहून अधिक जणांना काहीच जाणवत नाही. इतरांना एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, कमालीचा थकवा आणि सांधेदुखी सुरू होते. वृद्ध, मधुमेही आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना तो अधिक त्रास देतो. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. छातीच्या क्ष-किरण चित्रात मात्र तो क्षयरोगासारखा दिसू शकतो. आपल्या देशात खोकला, ताप आणि फुप्फुसावर डाग दिसला, की पहिला संशय क्षयाचाच येतो, आणि ते स्वाभाविक आहे. म्हणून फीनिक्सहून परतलेल्या आई-वडिलांना दोन-तीन महिन्यांत असा त्रास झाला, तर डॉक्टरांना 'आम्ही वाळवंटात राहून आलो' हे न विसरता सांगावे. वावटळ उठली की खिडक्या लावून आत बसावे, हा साधा बचाव.

प्रवासविमा घेताना आधीपासूनचे आजार अचानक बळावले तर खर्च मिळेल का, ते वाचून पाहावे. आमच्या विम्यात ती सोय होती म्हणून निभावले. औषधांची मूळ नावे असलेली चिठ्ठी हातातील पिशवीत ठेवावी. पहरम्पच्या डॉक्टरांनी आईच्या गोळीचे भारतीय नाव वाचून माझ्याकडे पाहिले, त्यांना त्यावरून काहीच बोध होईना.

दवाखान्यात आलेल्या त्या दांपत्याला मी प्रमाणपत्र दिले, पण महिना बदलून. जूनऐवजी जानेवारी. काकांना ते पटले नाही. नातवंडांची सुट्टी जूनमध्ये असते, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. शेवटी जूनमध्ये घरी राहायचे आणि डोंगराळ, थंड फ्लॅगस्टाफला दोन दिवस जाऊन यायचे, यावर तडजोड झाली. काकूंच्या गोळीच्या नावापुढे 'एच' होते. त्यांचे सोडियम तपासायला पाठवले आहे.

आई आता एक्याऐंशीची आहे. तिची ती गोळी बदलली. यंदा भावाने पुन्हा विषय काढला, या खेपेस जानेवारीत आणि क्वार्ट्झसाइटलाच, विजेच्या जोडणीसह. मी नको म्हणणार होतो. फोन आईच्या हातात होता. ती त्याला म्हणाली, "येईन. पण गाडी घेण्याआधी टाकीचं माप मला कळव. आणि न्हाणीघराचं दार कसलं आहे, ते सुनबाईला बघून यायला सांग."